हायस्कूलच्या वर्गात नियम कसे लावायचे, सवयी कशा बसवायच्या: शिक्षक सारखे विचारतात ते प्रश्न

जून जवळ आला की नवीन लागलेले शिक्षणसेवक, पहिल्यांदाच वर्गशिक्षक झालेले, प्राथमिकवरून हायस्कूलला आलेले असे बरेच जण तेच तेच प्रश्न पाठवतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. डोळ्यासमोर आपल्याकडचे मराठी माध्यमाचे आठवी ते दहावीचे वर्ग आहेत, म्हणजे ६०-६५ मुलं, ३५ मिनिटांचा तास आणि तीन-चार गावांतून आलेली पोरं.

१. वर्गासाठी नियम किती ठेवायचे? आमच्या शाळेच्या डायरीत तर पानभर नियम छापलेत.

चार, फार तर पाच. डायरीतले नियम शाळेचे, ते असू देत, पण वर्गात तेवढेच ठेवा जेवढ्यांकडे तुम्ही रोज लक्ष देणार आहात, कारण ज्या नियमाकडे तुम्ही दोनदा काणाडोळा केला तो तिसऱ्या दिवशी मुलांच्या लेखी संपलेला असतो, आणि मग बाकीचेही ढिले पडतात. माझ्या वर्गातले असे: घंटा झाली की जागेवर बसून वही-पुस्तक बाकावर काढायचं, एक जण बोलतोय तोवर बाकीच्यांनी ऐकायचं, मग बोलणारी विद्यार्थिनी असो नाहीतर मी, दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि कुणाच्या रंगावर, अंगावर, जातीवर, बोलीवर, घरावर बोलायचं नाही. “नीट वागा”, “मोठ्यांचा आदर करा” हे मी नियमांत धरत नाही, कारण ते पाळले की मोडले हे डोळ्यांना दिसत नाही आणि मग नुसता वाद होतो.

२. नियम आणि रूटीन एकच ना?

नाही. “गोंधळ करू नका” हा नियम झाला. वह्या गोळा कशा करायच्या, प्रयोगशाळेत कसं जायचं, ऑफ तासाला काय करायचं हे रूटीन. आणि खरं सांगायचं तर आपण ज्याला बेशिस्त म्हणतो त्यातली बरीचशी रूटीन नसल्यामुळे होते. मुलं शिकवणं चालू असताना कमी बोलतात, पण एक शिक्षक गेले आणि दुसरे यायचेत, वह्या वाटल्या जातायत, कुणीतरी डस्टर शोधतंय, तेव्हा वर्ग फुटतो. ३५ मिनिटांतली पाच मिनिटं जरी बसाबसीत गेली तरी आठ तासांची ४० मिनिटं झाली, म्हणजे रोज एक अख्खा तास गेला, आणि मग आपणच पोर्शन राहिला म्हणून जादा तास घेतो. म्हणून माझं सगळ्यांना एकच म्हणणं असतं की नियम कमी करा आणि रूटीनवर जीव लावा.

३. पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं?

आपल्याकडे शाळा १५ जूनच्या आसपास, विदर्भात जूनच्या शेवटी सुरू होतात, आणि पहिला आठवडा पुस्तकं वाटणं, फॉर्म भरणं, नवीन प्रवेश यातच जातो. तरी त्यातच दोन रूटीन शिकवून टाका, वर्गात यायचं कसं आणि गप्प व्हायचं कसं. आठवीला जिल्हा परिषदेच्या वेगवेगळ्या शाळांमधून मुलं येतात, कुणाच्या शाळेत बाई आल्या की उभं राहायची पद्धत, कुणाच्या शाळेत दोन इयत्ता एका खोलीत, त्यामुळे “तुम्हाला एवढंही कळत नाही का” हे वाक्य त्यांच्यासाठी वापरूच नका, त्यांना खरंच माहीत नसतं.

शिकवायचं म्हणजे धडा शिकवतो तसंच. सांगा, एकदा करून दाखवा, सगळ्यांकडून करून घ्या, चुकलं तर चिडचिड न करता परत करून घ्या. गप्प करायला ओरडण्याऐवजी एक ठरलेली खूण ठेवा, मी हात वर करून उभी राहते, ज्याला दिसेल त्याने हात वर करून बोलणं थांबवायचं. पहिल्या दिवशी वेळ लागतो, लागू द्या, पण पूर्ण शांत होईपर्यंत पुढचं वाक्य बोलायचं नाही. अर्ध्या शांततेत बोलायला लागलात की वर्षभर अर्ध्या शांततेतच बोलावं लागतं.

आणि पावसाळा विसरू नका. ओल्या छत्र्या आणि रेनकोट कुठे ठेवायचे हे पहिल्याच दिवशी ठरवलं नाही तर बाकांखाली पाणी, वह्या भिजलेल्या आणि “माझी छत्री कुणी नेली” यात जुलै जातो. मागच्या भिंतीला दोरी किंवा खिळे, रोल नंबरप्रमाणे जागा, एवढं पुरतं.

४. नियम मुलांनाच बनवायला सांगितले तर?

सांगा, पण सगळं त्यांच्यावर सोडू नका. आधी तुमच्याकडून न बदलणाऱ्या दोन गोष्टी ठेवा, एक सुरक्षितता आणि दुसरी कुणाचा अपमान नाही, आणि बाकीच्यांवर चर्चा होऊ द्या. एक सावधगिरी, नववीची मुलं स्वतःसाठी फार कडक शिक्षा सुचवतात, गृहपाठ नाही तर १० रुपये दंड, त्या पैशात वर्गाची पार्टी, असं. दंडाला सरळ नाही म्हणा. दहा रुपये ज्याच्याकडे नाहीत तो त्या दिवशी शाळेतच येत नाही, आणि ज्याच्याकडे आहेत त्याला गृहपाठ न करण्याचा दर समजला.

५. मारायचं नाही, उठाबशा नाहीत, अंगठे धरायला लावायचे नाहीत, मग शिक्षा करायची तरी काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो विचारण्यात गैर काही नाही, कारण आपल्यातल्या बहुतेकांनी छडीशिवाय दुसरं काही पाहिलेलंच नाही.

आधी कायदा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, आणि केल्यास सेवानियमांप्रमाणे कारवाई होते. तो कायदा ६ ते १४ वयासाठी आहे म्हणून नववी-दहावीत मोकळीक असं काही जण समजतात, तसं नाहीये. बाल न्याय कायदा २०१५ हा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे आणि त्याचं कलम ७५ मुलाला ज्याच्या ताब्यात दिलंय त्यानेच दिलेल्या त्रासाबद्दल आहे. “नाव काढून टाकीन” ही धमकी पण आठवीपर्यंत पोकळ आहे, कलम १६ प्रमाणे काढता येत नाही.

आता वर्गातलं. शिक्षेपेक्षा परिणाम असा विचार करा, म्हणजे जे बिघडवलं ते दुरुस्त करायचं. बाकावर कोरलं तर घासून साफ करायचं, कुणाला बोलला तर त्याच्याशी बसून बोलायचं, तासात काम केलं नाही तर शाळा सुटल्यावर दहा मिनिटं थांबून पूर्ण करायचं, अर्थात एसटी चुकणार नाही हे बघून. मधली सुट्टी आणि पीटीचा तास काढून घेऊ नका, जे पोरगं तीन तास बसू शकलं नाही त्याचं हलणंच बंद केलं तर चौथा तास तुम्हालाच जड जाईल.

आणि पायऱ्या ठरवून मुलांना आधीच सांगा. पहिल्यांदा मी फक्त तुझ्या बाकाजवळ येऊन उभी राहीन, दुसऱ्यांदा हळू आवाजात नाव घेईन, तिसऱ्यांदा तास संपल्यावर बोलू, चौथ्यांदा नोंदवहीत लिहून घरी फोन. पुढे काय होणार हे मुलाला माहीत असणं महत्त्वाचं, किती कडक हे तेवढं नाही. आज राग आला म्हणून थेट चौथी पायरी आणि उद्या मूड चांगला म्हणून काहीच नाही, असं झालं की मुलं तुमचा चेहरा वाचायला शिकतात आणि नियम बाजूला राहतो.

६. वर्गाबाहेर उभं केलेलं चालतं ना? मारत तर नाही.

नको. त्याचा तास बुडतो, बाहेर तो पडला-झडला किंवा गेटबाहेर गेला तर जबाबदारी तुमची, आणि ज्याला गणित नकोच होतं त्याचं तर भलंच झालं. शंभर वेळा ओळी लिहायला लावणंही त्याच रांगेतलं, लिहिण्याचाच कंटाळा बसतो. पर्याय प्रश्न ५ मध्ये आहेत.

७. मी आत येईपर्यंत मॉनिटर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो, ही पद्धत बरी आहे का?

माझं स्पष्ट मत, बंद करा. मित्रांची नावं वगळली जातात, ज्याच्याशी भांडण त्याचं नाव दोनदा येतं, आणि चौदा वर्षांच्या मुलाला आपण पोलिसाचं काम देतो ज्यात त्याची मैत्री तुटते. तुम्ही यायच्या आधी मुलांना हाताला काम हवं, एवढंच. आदल्या तासाच्या शेवटी फळ्याच्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहून ठेवा, पुढच्या तासाला आल्या आल्या तो वहीत सोडवायचा.

वर्गमंत्री ठेवा, पण कामं वाटून. फळा, दिवे-पंखे, परिपाठाची तयारी, वह्या गोळा करणं, झाडू, सगळं रोल नंबरप्रमाणे आठवड्याला बदलतं. इथे नीट बघा की झाडू कायम मुलींच्याच हातात आणि बाक उचलायला कायम मुलगेच असं होत नाही ना, आणि ठरावीक वस्तीतल्या मुलांनाच साफसफाई सांगितली जात नाही ना. मुद्दाम कुणी करत नाही पण होतं, म्हणून तक्ता भिंतीवर लावलेला बरा. विद्यार्थ्यांकडून शौचालय साफ करून घेणं कुठल्याही कारणाने नको.

८. मी फक्त विषयशिक्षक आहे, ६५ मुलं, सहा तुकड्या. मला एवढं सगळं कसं जमणार?

सगळं नका करू. तीनच गोष्टी धरा. बैठक नक्की करा आणि तिचा कागद वहीत चिकटवा, म्हणजे नावाने हाक मारता येते, “ए चष्मेवाल्या” म्हणावं लागत नाही, आणि नावाने मारलेल्या हाकेनेच निम्मं काम होतं. वह्या रांगेच्या टोकाकडून पुढे सरकवत घ्या, कुणीही उठायचं नाही. तपासायला रोज एकच रांग घ्या, ६५ वह्या एकदम घेऊन दोन आठवडे ठेवल्या तर मुलं लिहिणं सोडतात. आणि फळ्याजवळच उभे राहू नका, उदाहरण सोडवायला दिलं की मागच्या बाकापर्यंत चक्कर मारा.

९. हजेरीतच सात-आठ मिनिटं जातात.

वर्गशिक्षक असाल तर मुलं लिहीत असताना बैठकीच्या कागदावरून रिकाम्या जागा बघून टाका, नावं पुकारायची गरज नाही. दहावीच्या परीक्षेला ७५ टक्के उपस्थिती लागते हे पालकांना जूनच्याच सभेत सांगा, जानेवारीत सांगून उपयोग नसतो. सलग तीन दिवस गैरहजर असलेल्याच्या घरी फोन, हे पण एक रूटीनच.

१०. पहिल्या तासाला रोज दहा-बारा जण उशिरा येतात, गेटवर थांबवू का?

आधी दोन गट करा. एसटीने येणारे आणि गावातलेच. गाडीच उशिरा येत असेल तर मुलाला बोलून काय होणार, त्यापेक्षा मुख्याध्यापकांच्या सहीने आगाराला पत्र द्या, बऱ्याचदा वेळ बदलून मिळते. मोफत पासवर येणाऱ्या मुलींना तर दुसरी सोयच नसते, गाडी चुकली की शाळा चुकली. अशांसाठी मागच्या दाराने गुपचूप येऊन बसायचं, शेजारणीच्या वहीत बघून सुरू करायचं, कारण मधल्या सुट्टीत सांगायचं, एवढीच पद्धत. जे गेटसमोर वडापावच्या गाडीवर उभे होते त्यांच्यासाठी प्रश्न ५ मधल्या पायऱ्या.

११. तास चालू असताना सारखं बाथरूमला जायचं म्हणतात, परवानगी द्यायची का?

द्यायची. एका वेळी एक मुलगा, एक मुलगी, ठरलेली खूण करून जायचं, सगळ्यांसमोर कारण विचारायचं नाही. मुलींना पाळी आलेली असू शकते आणि तेरा-चौदाव्या वर्षी पुरुष शिक्षकाला ते सांगणं किती अवघड असतं हे लक्षात घ्या. पॅड कुठे ठेवलेत, कुठल्या मॅडमकडे मागायचे हे मॅडमनीच पहिल्या आठवड्यात सगळ्या मुलींना सांगून ठेवावं. कुणी रोज त्याच तासाला जात असेल तर त्याला अडवू नका, बाजूला घेऊन विचारा, बऱ्याचदा तो विषय कळत नसतो किंवा वर्गात कुणीतरी त्रास देत असतं.

१२. मोबाईल सापडला तर?

बंद करायला लावा, पाकिटावर नाव लिहून ऑफिसात द्या, त्याच दिवशी पालकांना कळवून परत करा. महिनाभर जप्त ठेवू नका, घरात बहुतेक तो एकच फोन असतो. स्वतः उघडून फोटो किंवा मेसेज बघू नका, फोडणं-आपटणं तर नाहीच.

त्यात एखाद्या मुलीचा फोटो किंवा व्हिडिओ फिरतोय असं कळलं तर हा शिस्तीचा विषय राहत नाही. तो फाइल पुढे पाठवू नका, पुरावा म्हणून स्वतःच्या फोनवरही घेऊ नका, लगेच मुख्याध्यापकांना सांगा, शाळेतल्या सखी सावित्री समितीला, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या समितीला, कळवा. लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर पोक्सो कायदा २०१२, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेचं नाव खराब होईल म्हणून आपसात मिटवता येत नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, हा नंबर वर्गात कायम लिहिलेला असू द्या.

१३. मुलं एकमेकांना जातीवरून, आडनावावरून चिडवतात, “गंमत होती” म्हणतात.

जागेवर थांबवायचं, त्याच क्षणी, तास थांबवून. “या वर्गात हे बोललं जाणार नाही” एवढं शांतपणे, सगळ्यांना ऐकू येईल असं. नंतर बोलणाऱ्याशी वेगळं, आणि ज्याला बोललं त्याच्याशी पण वेगळं, कारण तो गप्प राहिला म्हणजे त्याला लागलं नाही असं नसतं. इथे पहिली पायरी वगैरे नाही, थेट नोंद आणि घरी कळवणं.

पण मुलं हे कुठून शिकतात ते पण बघा. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की “एससीवाले उभे राहा, ओबीसीवाले हात वर करा” असं भर वर्गात होतं, वर्षानुवर्षं होत आलंय, आणि करणाऱ्याला त्यात काही वाटतही नाही. यादी जनरल रजिस्टरवरून ऑफिसात बनते, मुलाला एकेकटं बोलावून कागद मागता येतात. मुलांना चौथा नियम सांगायच्या आधी ही पद्धत आपण बदलली पाहिजे.

१४. भर वर्गात मुलगा उलट बोलला, मी गप्प बसलो तर वर्ग डोक्यावर बसेल.

६० जण बघत असताना पंधरा वर्षांचा मुलगा माघार घेत नाही, त्याला घेताच येत नाही. “तुझं मला ऐकायचंय, तास संपल्यावर ये” म्हणा आणि फळ्याकडे वळा. आणि तास संपल्यावर खरंच बोलवा, नाहीतर तेही पोकळ ठरतं. आधी त्याला बोलू द्या. घरी काय झालंय, सकाळी कुणी मारलंय, काही खाल्लंय का, हे त्या दोन मिनिटांत कळतं. वर्ग हे सगळं बघत असतो आणि तुमचा तोल गेला नाही हे त्यांच्या लक्षात राहतं.

१५. पालक स्वतःच म्हणतात, “दोन लावा सर त्याला, आमची परवानगी आहे.”

पालकांच्या परवानगीने कायदा बदलत नाही, हे नम्रपणे सांगा. ते काळजीपोटी बोलतात, त्यांना कळत नसतं की दुसरं काय करावं. मग त्यांना एक नेमकं काम द्या: रोज रात्री वही उघडून तारीख आहे का एवढंच बघा, स्वतः शिकलेले नसलात तरी तारीख बघता येते. तक्रार सांगताना आधी एक चांगली गोष्ट सांगा, खरी असेल ती. आणि ज्या घरात फोन गेला की पट्टा निघतो ते घर ओळखून ठेवा, तिथे वडिलांऐवजी आईशी, आजीशी, नाहीतर मोठ्या बहिणीशी बोला, किंवा फोन न करता शाळेतच सोडवा.

१६. दिवाळीनंतर काही मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात उगवतात. त्यांना वेगळा नियम लावला तर बाकीचे म्हणतात पार्शलिटी.

बाकीच्यांना सांगता येतं, आठवी-नववीच्या मुलांना हे व्यवस्थित कळतं. बीडकडच्या, नगरकडच्या शाळांमध्ये तर वर्गातल्या अनेकांच्या घरचीच ही गोष्ट असते. जायच्या आधी मुलाशी बोला, हंगामी वसतिगृह किंवा नातेवाइकांकडे राहायची सोय होते का ते घरच्यांना विचारा, तिथल्या शाळेत बसता येईल का बघा. परत आल्यावर “कुठे होतास इतके दिवस” हा प्रश्न नको. एक जोडीदार द्या, राहिलेल्यातलं सगळं न देता पुढच्या धड्याला जे लागतं तेवढंच द्या. बसणं, ऐकणं, बोलणं याचे नियम त्याला इतरांसारखेच, सूट फक्त कामाच्या तारखेत. सकाळी पेपर टाकून किंवा गोठ्यातलं काम करून येणाऱ्यांनाही हेच.

१७. एक मुलगा दोन मिनिटं बसू शकत नाही, सारखा उठतो, लिहीत तर नाहीच. नियम त्यालाही लावायचा?

लावायचा, पण आधी शंका घ्या की तो करत नाही की त्याला जमत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचणं, लिहिणं किंवा गणित जमायला अडचण, त्यातच येते, जी दिसत नाही. पुढच्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, वह्या वाटण्यासारखी उठायची कामं त्यालाच द्या, तोंडी उत्तर घ्या. आणि तपासणी आठवी-नववीतच करून घ्या. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी प्रमाणपत्र लागतं, ते ऐनवेळी मिळत नाही.

१८. शाळेत एक सर मारतात, वर्ग फक्त त्यांच्याच तासाला शांत असतो, माझ्या तासाला बाजार. मुलंच म्हणतात, “मॅडम, तुम्ही पण मारा.”

मुलांना हे वाक्य म्हणू द्या, त्यांना तेवढीच पद्धत माहीत आहे. त्यांना सांगा, “मी मारणार नाही आणि सोडणारही नाही”, आणि दुसरा भाग रोज पाळा. पायऱ्या नेमाने चालवल्या तर बाजार कमी होतो, पण त्याला आठवडे लागतात आणि मधले काही तास फार थकवतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. त्या सरांबद्दल मुलांसमोर काही बोलू नका. पण मुलाला इजा झाली असेल तर मुख्याध्यापकांना लेखी द्या, तोंडी सांगितलेलं राहून जातं.

१९. दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं विस्कटलंय. आता पुढच्या जूनलाच नव्याने सुरुवात करू का?

जूनची वाट कशाला, दुसऱ्या सत्राचा पहिला दिवस तेवढाच चांगला असतो. सगळं एकदम नको, सगळ्यात जास्त वेळ खाणारं एकच रूटीन निवडा, बहुतेक वेळा ते तासाची सुरुवात असतं, आणि प्रश्न ३ प्रमाणे परत शिकवा. ते बसलं की पुढचं. दहावीला पूर्वपरीक्षेनंतर वेळापत्रकच बदलतं, तेव्हा मुलांना बसवून विचारा की आता कशाची गरज आहे. आमच्याकडे त्यांनीच ठरवलं की पहिला अर्धा तास कुणी कुणाशी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपली प्रश्नपत्रिका सोडवायची, आणि नंतर अडलेलं विचारायला दोन-दोन जणांनी माझ्या टेबलाशी यायचं, रांग रोल नंबरने, एक दिवस वरून आणि एक दिवस खालून.